नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर: शाळेचा हेड बदलला की आकडे फसवतात

अमेरिकेतल्या खासगी शाळेच्या हेडला, म्हणजे प्रमुखाला, नेमकं किती मिळतं, हे बघायला प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ या ना-नफा संस्थांच्या ऑनलाइन माहितीसाठ्याइतकी सोयीची जागा नाही. २०१३ पासून चालू आहे, फुकट आहे. शाळेच्या बोर्डावर असाल किंवा दरवर्षी वाढती फी भरत असाल, तर वापरायलाच हवी.

शोधताना शाळेचं कायदेशीर नाव टाका. अँडोव्हरची शाळा तिथे ‘ट्रस्टीज ऑफ फिलिप्स अकॅडमी’ आहे.

शाळेच्या पानावर दिसणाऱ्या आकड्यावर थांबू नका. मूळ फॉर्म ९९०, म्हणजे ना-नफा संस्था करखात्याकडे दरवर्षी भरतात तो फॉर्म, उघडून त्याला जोडलेल्या ‘शेड्यूल जे’ या मोबदल्याच्या तक्त्याचा दुसरा भाग गाठा. एकूण मोबदला दीड लाख डॉलरच्या वर असला की हेडचं नाव तिथे येतं. ‘बी’ रकान्यात पगार, बोनस आणि इतर, ‘सी’त निवृत्तीसाठी किंवा पुढे द्यायला बाजूला ठेवलेली रक्कम, ‘डी’त करमुक्त सोयी. कॅम्पसवरचं फुकट घर करमुक्त असेल तर ते ‘डी’त, म्हणून नुसता पगार बघून दोन शाळांची तुलना करणं व्यर्थ.

खरी गफलत होते ती जुना हेड निवृत्त होऊन नवा येतो तेव्हा. शाळेचं आर्थिक वर्ष बहुधा जुलै ते जून, पण पगार मात्र त्या वर्षात संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचा. जुलै २०२२ मध्ये रुजू झालेल्या हेडचे जून २०२३ मध्ये संपलेल्या वर्षाच्या फॉर्ममध्ये फक्त सहा महिने दिसतात. पूर्ण वर्ष दिसतं ते जून २०२४ मध्ये संपलेल्या वर्षाच्या फॉर्ममध्ये, आणि तो भरायची मुदत १५ नोव्हेंबर २०२४. मुदतवाढ घेतली तर १५ मे २०२५. म्हणजे नेमणुकीनंतर जवळजवळ तीन वर्षं! जाणाऱ्याचं उलटं असतं: वर्षानुवर्षं राखून ठेवलेली रक्कम एकदम हातात पडते आणि आकडा फुगतो. ‘एफ’ रकाना बघा. आधीच्या फॉर्ममध्ये दाखवून झालेली रक्कम तिथे असते, ती वजा करा. हे न करता ‘नव्या पिढीचे हेड स्वस्तात मिळतात’ असं म्हणणारे बरेच भेटतील.

बोर्डावरच्यांनी मूळ फॉर्मच्या सहाव्या भागातला १५ वा प्रश्नही वाचावा: पगार ठरवताना स्वतंत्र सदस्यांची मंजुरी, तुलनेचे आकडे आणि वेळच्या वेळी केलेली नोंद होती का?

चर्चशी संलग्न शाळांना हा फॉर्म भरण्यातून सूट आहे, त्यामुळे कित्येक कॅथलिक शाळा इथे सापडतच नाहीत. नफ्यासाठी चालणाऱ्याही नाहीत.