सिगारेट कमी करायची की बंदच?

"वीस होत्या, आता दोनवर आलोय," हे टपरीवर चहासोबत नेहमी ऐकू येतं. खिशाला फायदा होतो, नाही असं नाही. हृदयाचा हिशेब मात्र वेगळा. २०१८ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार रोजच्या वीस सिगारेटींनी हृदयरोगाचा जेवढा धोका वाढतो, त्यातला जवळपास निम्मा रोजच्या एकीनेही वाढतो. थोड्या धुरानेही रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट होतात, रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय लोक उरलेल्या दोन सिगारेटी पार फिल्टरपर्यंत ओढतात!

पूर्ण सोडली तर कार्बन मोनॉक्साइड दोन-तीन दिवसांत रक्तातून उतरतो आणि वर्षभरात हृदयरोगाचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. सुरुवातीचे काही आठवडे चिडचिड, झोपमोड होते. तेव्हा निकोटिन गम कामी येतो. तो च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही, थोडा चावून गालात धरायचा. उठल्यावर अर्ध्या तासात पेटवणाऱ्यांना सहसा ४ मिलिग्रॅमचा लागतो.

सोडायची तारीख ठरेपर्यंत कमी करणं ठीक, एवढंच. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तर तिथे रेंगाळूच नये. डॉक्टरांशी बोलावं किंवा १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनवर) फोन लावावा.