१४४१६ला मी पाच वेळा फोन केला, त्याबद्दल

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री अडीच वाजता मी पहिल्यांदा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून, कारण खाली मुलगी झोपलेली होती. त्यानंतर आणखी चार वेळा लावला. घर आणि कॉलेजातले तास सांभाळून पीएचडी करणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

माझा विषय हळदीची कंदकूज. पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळं जमिनीतला कंद सडतो, पाणी साचलेल्या रानात जास्तच. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरून कंदकूज किती आटोक्यात येते, हे मी तपासते. हा रोग पावसाळ्यात सापडतो, त्यामुळं एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस लाइट नव्हती. नमुने वाढवायच्या तीस पेट्री प्लेट्सपैकी तेवीस प्लेट्सवर भलतीच बुरशी चढली. नोंदणीचं पाचवं वर्ष, तासिका तत्त्वावर शिकवण्याचं (सीएचबीचं) मानधन पाच महिने थकलेलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर. झोप उडाली होती. डोळा लागला तरी अडीचला छातीत धडधड होऊन जाग यायची.

विद्यापीठ आहे कोल्हापूरला, इथून पन्नासेक किलोमीटर. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना निदान शेजारच्या खोलीत बोलायला कुणीतरी असतं. आम्ही सांगली-मिरजेत घरी राहून करणाऱ्या फक्त सही-शिक्क्यापुरत्या तिकडं जातो. आधी मी एका खासगी ॲपवर पैसे भरून पाऊण तास घेतला होता. समोरच्या बाई चांगल्या होत्या, पण सगळं इंग्रजीत. ‘जीव घाबरा होतो’ हे मला इंग्रजीत सांगताच येईना. सासूबाईंच्या पथ्यपाण्यातून उठून प्रयोगशाळेत जाताना आतून काय होतं, ते तर नाहीच. पैसे गेले आणि बोलायचं राहून गेलं.

१४४१६ला फोन लावल्यावर आधी भाषा निवडायची. मी मराठी निवडली. पलीकडून एक ताई बोलायला लागल्या आणि पहिला प्रश्न आला, “झोप किती तास लागते?” मग जेवण जातं का, घरात कोण कोण आहे, आत्ता तुम्ही कुठं बसला आहात. आणि मग तितक्याच शांत आवाजात, “स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?” इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तसं नाही, पण सकाळ होऊच नये असं वाटतं. त्या दचकल्या नाहीत, उपदेशही केला नाही. त्यावरच आणखी विचारत राहिल्या, तसं नेमकं कधी वाटतं, किती दिवसांपासून, कुणाला सांगितलंय का. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं.

प्रबंधाचं सगळं ओझं मी त्यांच्यापुढं ओतलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, पीएचडी बाजूला ठेवा. सोमवारपर्यंत काय करायला लागेल, तेवढंच सांगा.” त्यातून एकच काम निघालं, गाइडना कळवणं. बारा दिवस मी सरांना टाळत होते. त्यांना पाठवायचा ईमेल मी फोनवर ताईंसमोरच शब्दाशब्दानं बोलून बघितला : सर, प्लेट्स गेल्या. नमुने पुन्हा गोळा करायला लागतील. मला भीती वाटते आहे, तासभर वेळ द्याल का? सकाळी तो पाठवला. दुपारी उत्तर आलं, “गुरुवारी अकराला ये. उरलेल्या सात प्लेट्स घेऊन ये.”

ही सेवा केंद्र सरकारची आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. चोवीस तास, विनामूल्य. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि गरज वाटली तर पुढं मानसोपचार तज्ज्ञांकडं किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याकडं जोडून देतात. मला तिसऱ्या फोननंतर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागात जायला सुचवलं. ओळखीचं कुणी बघितलं तर, या भीतीनं मी आठवडाभर गेले नाही. मिरज म्हणजे निम्मं माहेर. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आपल्याला दिलाय, हे कळल्यावर धीर आला. गेले, केसपेपर काढला, डॉक्टरांशी बोलले. औषधं दोन महिने घेतली, आता त्यांच्याच सल्ल्यानं बंद आहेत.

या हेल्पलाइनकडून काय मागू नये, तेही सांगते. दर वेळी त्याच ताई भेटतील असं धरून चालू नका. मी एका कागदावर चार ओळींत माझी हकीकत लिहून ठेवली होती, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आठवत बसायला नको. आणि मुदतवाढ, रजा, गाइडशी वाद या गोष्टी फोनवर सुटत नाहीत. त्यासाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नियम स्वतः वाचा. माझ्या धडधडीचं निम्मं कारण ‘सहा वर्षं संपली की नोंदणी गेली’ ही ऐकीव माहिती होती. २०२२च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षं आहे, पण पुनर्नोंदणीनं दोन वर्षं वाढवता येतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजेचीही तरतूद आहे. मुलगी झाली तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं, तर तीन महिन्यांच्या बाळाला टाकून मी एसटीनं नमुने गोळा करत हिंडले नसते. हे आठवलं की अजून वाईट वाटतं. प्रत्येक पीएचडीवालीच्या हातात नोंदणीच्या दिवशी हा एक कागद पडायला हवा.

रात्री फोन करणार असाल तर मोबाइल आधी चार्ज करून घ्या, माझा पहिला फोन पाऊण तास चालला. १४४१६ लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६ हा त्यांचाच दुसरा क्रमांक आहे. आणि जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर फोनवर थांबू नका, ११२ लावा किंवा घरातल्या कुणाला तरी उठवून थेट दवाखाना गाठा.