डुकराच्या दूध तोडलेल्या पिल्लांसाठी हर्बल पावडर घ्यावी का? वापरून बघितली, सविस्तर सांगतो

रेटिंग: ५ पैकी साडेतीन

आमचा वराहपालनाचा फार्म सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीजवळ, जात लार्ज व्हाईट यॉर्कशायर आणि थोडी क्रॉस. माल बहुतेक गोव्यात जातो. पिल्लांचं दूध तोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात जी हगवण लागते तिच्यासाठी दुकानात आता पाच-सहा कंपन्यांच्या हर्बल पावडरी आल्यात, सगळ्यांच्या बॅगेवर साधारण तेच लिहिलेलं असतं, ओवा, लसूण, हळद, सुंठ, दालचिनी, कुठे कुडा आणि बेल पण असतो. मी वापरतो ती यातलीच एक, ५ किलोची बॅग, किलोला साडेचारशेच्या आसपास पडते. नाव टाकत नाही कारण मी लिहितोय ते या सगळ्याच प्रकाराला लागू पडतं.

आधी पोटात काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पावडर चांगली का वाईट ते ठरवताच येत नाही. पिल्लू आईचं दूध पितं तोपर्यंत दुधातल्या साखरेपासून पोटातले चांगले जंतू आम्ल बनवतात, पोट आंबट राहतं, आणि वाईट जंतूंना ते आंबटपण झेपत नाही. शिवाय आईच्या दुधातून रोगाला अडवणारी प्रथिनं रोज आतड्याला मिळत असतात. दूध तोडलं की हे दोन्ही एकाच दिवशी बंद, आई गेली, खण बदलला, शेजारी नवीन पिल्लं आली, आणि पिल्लू पहिला दिवस नीट खातच नाही. उपाशी राहिलं की लहान आतड्यातली बारीक लव, टॉवेलच्या धाग्यांसारखी असते ती, दोन-तीन दिवसात आखूड होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात जाऊन सडतं आणि हगवण लावणारा ई. कोलाय जंतू जोरात वाढतो. पिचकारीसारखी पातळ हगवण, शेपटीखाली लाल झालेलं, पाठीची हाडं वर आलेली, हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको.

पूर्वी यावर सोपा मार्ग होता, खाद्यातच अँटिबायोटिक टाकायचं. कोलिस्टिन तर दुकानात सर्रास मिळायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने माणसाच्या अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मासे आणि पशुखाद्य सगळ्यासाठी कोलिस्टिनवर बंदी आणली, कारण माणसांना बाकी काही लागू पडत नाही तेव्हाचं ते शेवटचं औषध आहे. मला ही बंदी शंभर टक्के पटते. युरोपात तर वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासूनच बंद आहे, आणि जून २०२२ पासून औषधी डोसचं झिंक ऑक्साईड पण बंद झालं, ते हगवणीवर छान चालायचं पण लेंडीतून जमिनीत साठत जातं. तर हर्बल पावडरींचा बाजार वाढलाय तो यामुळे, जागा रिकामी झाली आणि सगळे तिथे घुसले.

आता वापर. लेबलवर टनाला ५ किलो म्हणजे किलो खाद्याला ५ ग्रॅम, किलोमागे सव्वादोन रुपये. दूध तोडल्यापासून पहिले दोन आठवडे पिल्लू मिळून पाच-सहा किलो खातं, म्हणजे पिल्लामागे बारा-तेरा रुपये खर्च. साडेतीन-चार हजाराच्या पिल्लासाठी हा खर्च काहीच नाही, पैशाच्या बाजूने माझी तक्रार नाही. पण हीच पावडर डुक्कर विकायला चाळीस-पन्नास किलोचं होईपर्यंत "चालू ठेवा, वजन वाढतं" म्हणून दुकानदार सांगतात तिथे मात्र हिशोब बिघडतो, तेव्हा जनावर दिवसाला दोन किलोच्या वर खातं आणि तेवढ्या खर्चाचा फरक मला वजनात कुठेच दिसला नाही. मोठ्यांना देत नाही, देऊ पण नका.

पिल्लांचं सांगतो. एकाच डुकरिणीची पिल्लं दोन खणात वाटून एका खणाला पावडरवालं आणि एकाला साधं स्टार्टर (दूध तोडल्यावरचं पहिलं खाद्य), असं करून बघितलं, आणि एकदाच नाही, पावसाळ्यात पण केलं आणि थंडीत पण. पावडरवाल्या खणात हगवण लागतच नाही असं अजिबात नाही, लागते, पण लवकर आवरते आणि मागं पडणारी पिल्लं कमी निघतात. खाद्यावर पिल्लं लवकर येतात हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला, ओव्या-दालचिनीच्या वासाने असेल. वजन मात्र दोन महिन्यांनी दोन्ही खणांचं जवळपास सारखंच. छोट्या फार्मवरचं निरीक्षण आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका.

डोस वाढवला तर जास्त फायदा होईल असं काहींना वाटतं, तसं करू नका. डुकराला चव माणसापेक्षा जास्त कळते, वास जास्त झाला की खाद्य सोडून देतात, आणि दूध तोडल्यावर खाद्य सोडणं हाच तर मूळ रोग आहे.

तक्रार आहे ती लेबलबद्दल आणि ती मोठी आहे. वनस्पतींची नावं दहा लिहिलीत, कोणती किती हे एकाचंही नाही. ओव्यात थायमॉल असतं, ते जंतूचं बाहेरचं आवरण फोडतं हे खरं आहे, पण नुसता ओव्याचा भुसा किती आणि तेल किती हे कळल्याशिवाय पाच ग्रॅममध्ये थायमॉल किती जातंय ते कसं कळणार? दुसरं म्हणजे ही तेलं जठरात आणि आतड्याच्या सुरवातीलाच शोषली जातात, हगवणीचा जंतू बसतो तो पुढे. म्हणून चांगल्या मालात तेलावर चरबीचं कोटिंग असतं, ते पुढे जाऊन सुटतं. माझ्या बॅगेवर कोटिंगचा उल्लेख नाही. कंपनीच्या माणसाला विचारलं तर "सर रिझल्ट बघा ना" एवढंच उत्तर. एक बॅग गडद हिरवी आणि उग्र वासाची, पुढची फिकट आणि वासच नाही, असंही झालंय, तेव्हा प्रत्येक लॉट सारखा नसतो हे धरून चाला.

आमच्याकडे काही जण घरीच ओवा, हळद, लसूण वाटून देतात. वाईट नाही, पण लसूण वाळवून किंवा शिजवून दिला की त्यातला कामाचा भाग बराचसा उडून जातो, ताजा ठेचून लगेच द्यावा लागतो, आणि रोज एवढ्या पिल्लांना मापात देणं कामगारांकडून होत नाही. चार-पाच पिल्लांचं घरगुती पालन असेल तर जरूर करा.

पावडर आणली आणि बाकी तसंच ठेवलं तर पैसे पाण्यात. दूध तोडल्यावर पहिला आठवडा खणात २८ ते ३० डिग्री ऊब लागते, आमच्या कोकणात लोकांना वाटतं इथे कुठे थंडी, पण जुलैत ओली फरशी आणि वारा असला की पिल्लं एकमेकांवर चढून झोपतात, ते थंडीचंच लक्षण. कोरडं ठेवा, बल्ब लावा. स्टार्टरमध्ये प्रोटीन २२ टक्क्यांवरून १८-१९ वर आणून बघा, हगवण कमी होते, फक्त लायसिन (प्रोटीनमधला वाढीला लागणारा घटक) वरून द्यावं लागतं. कच्चं सोयाबीन भरडून तर बिलकूल नको, भाजलेलं किंवा पेंड. खाद्य दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. आणि दूध २८ दिवसाला तोडायची घाई सगळ्यांनी करू नये, शेड साधं असेल तर ४२ दिवसापर्यंत थांबलेलं बरं, माझ्या मते त्याचा फायदा कुठल्याही पावडरपेक्षा जास्त आहे.

कधी पावडरवर थांबायचं नाही ते नीट वाचा. आठवडा-दोन आठवड्याच्या पिती पिल्लांना पिवळी, पेस्टसारखी हगवण असेल तर ते बहुतेक कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी, त्याचं औषध वेगळं. लेंडीत रक्त, ताप, किंवा एका दिवसात दोन-तीन पिल्लं गेली तर डॉक्टर बोलवा, तोवर ओआरएसचं पाणी पाजत राहा, पिल्लू मरतं ते जास्त करून पाणी कमी झाल्यामुळे. आणि कुणी विक्रेता ही पावडर "आफ्रिकन स्वाईन फीव्हरपासून वाचवते" म्हणाला तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. डुकरांचा तो जीवघेणा साथीचा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला, त्यावर आजही उपचार नाही, इम्युनिटी बूस्टरने तो अडत नाही. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर नीट उकळूनच घाला, बाहेरचं जनावर थेट कळपात सोडू नका, लसीकरण म्हणाल तर क्लासिकल स्वाईन फीव्हरचं वेळेवर करा, हे दोन रोग वेगळे आहेत.

शेवटचं पॅकिंग. ५ किलोची बॅग एकदा उघडली की पावसाळ्यात तिचे गोळे होतात आणि महिन्याभरात वास जातो. छोट्या फार्मला १ किलोचं पाऊच पाहिजे. तोपर्यंत मी बॅग आणली की लगेच झाकणाच्या बरण्यांमध्ये भरून ठेवतो, शेजारच्या फार्मवाल्याबरोबर अर्धी-अर्धी वाटून घेतो. पुढच्या खेपेला याच पावडरबरोबर पाण्यातलं अ‍ॅसिडिफायर (पोट आंबट ठेवणारं आम्ल) देऊन बघणार आहे, फरक दिसला तर इथेच खाली लिहीन.