जिराचे रिपोर्ट: कोणता आकडा धरायचा, कोणता सोडायचा

जिरा म्हणजे टीमची कामं बोर्डावर कार्डांच्या रूपात मांडून त्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. ते १० जणांपर्यंत फुकट आहे. वर्धा-यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावी बसून जिनिंगवाल्यांचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदारांचं) सॉफ्टवेअर करणाऱ्या चार-पाच जणांच्या टीमला तेवढं पुरतं. रिपोर्ट त्यात भरपूर आहेत, पण रोजच्या कामाचे दोनच.

पहिला कंट्रोल चार्ट. काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंत किती दिवस गेले, ते कार्डागणिक ठिपक्यात दिसतं. सरासरी आणि मध्यक तयार मिळतात, पण मध्यकावर तारीख दिली की निम्मी कामं उशिराच होणार. ८५ टक्क्यांचा आकडा, म्हणजे शंभरातली ८५ कामं जितक्या दिवसांच्या आत संपतात तो, हातानेच काढावा लागतो, ही यातली मोठी उणीव. शेवटची २० कार्डं दिवसांच्या चढत्या क्रमाने लावा आणि सतरावं पाहा. तिथे ६ दिवस असतील तर गिऱ्हाइकाला ६ सांगा. बोर्डाच्या सेटिंगमध्ये पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा सुट्टी म्हणून टाकून ठेवा. लाइन गेलेले तास मात्र वजा करू नका. जिनिंगवाला तेवढा वेळ थांबलेलाच असतो.

दुसरा क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम. कामाच्या कोणत्या टप्प्यात रोज किती कार्डं आहेत, ते यात रंगीत पट्ट्यांनी दिसतं. कापसाची आवक सुरू झाली की यातला टेस्टिंगचा पट्टा फुगतो, कारण तपासून देणारा दिवाणजी दिवसभर वजनकाट्यावर अडकलेला असतो. कोड लिहिणाऱ्यांना घाई करून तो पट्टा उतरत नाही. बोर्डावरच्या टेस्टिंगच्या रकान्याला ३ कार्डांची मर्यादा घाला. मर्यादा ओलांडली की रकाना लाल होतो, पण जिरा चौथं कार्ड अडवत नाही. अडवायचं टीमनेच.

व्हेलॉसिटी चार्टवर, म्हणजे दर स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक एक-दोन आठवड्यांच्या फेरीला) किती पॉइंटचं काम झालं ते दाखवणाऱ्या चार्टवर, कामगिरी मोजू नका. पॉइंट म्हणजे काम किती मोठं, याचा टीमने स्वतःच धरलेला अंदाज. स्प्रिंट सुरू होताना ठरलेलं काम राखाडी खांबात असतं. मध्येच घुसलेला बग (सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करायचं काम) त्यात धरला जात नाही, पूर्ण झाला की हिरव्या खांबात मात्र चढतो. ऐन हंगामात ठरलेलं काम मागे पडूनही हिरवा खांब उंच दिसतो. त्यातून पगारवाढ पॉइंटवर ठरू लागली की ३ पॉइंटचं काम गुपचूप ५ चं होतं.

एक गोष्ट नुसत्या कार्डांवरून कळत नाही: सर्व्हरवर चढवलेले किती बदल बिघडले. त्यासाठी साधी शीट पुरते: तारीख, काय चढवलं, मागे घ्यावं लागलं का, पुन्हा सुरळीत व्हायला किती मिनिटं लागली.