बायोगॅसमधला मिथेन: एरिया टक्के धरायचे की स्टँडर्ड गॅस लावायचा?

जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले गॅस वेगळे करून मोजणारं यंत्र) बायोगॅस इंजेक्ट केला की सॉफ्टवेअर लगेच एरिया टक्के, म्हणजे आलेखावरच्या सगळ्या पीकच्या (उंचवट्यांच्या) एकूण क्षेत्रफळात प्रत्येक गॅसचा वाटा, दाखवतं आणि तोच आकडा मिथेन म्हणून वहीत उतरवायची सवय खूप जणांना असते, पण टीसीडी डिटेक्टर (गॅस उष्णता किती वाहून नेतो त्यावरून मोजणारा) प्रत्येक गॅसला सारखा प्रतिसाद देतच नाही. कॅरिअर, म्हणजे सॅम्पल पुढे वाहून नेणारा गॅस, हीलियम असेल तर कार्बन डायऑक्साइडचा पीक तेवढ्याच मिथेनपेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठा येतो. म्हणजे खरा मिथेन ६० आणि कार्बन डायऑक्साइड ४० टक्के असला तरी एरियात मिथेन ५३च्या आसपासच दिसणार, केवढा फरक!

म्हणून मला स्टँडर्ड गॅसच (मिथेनचं प्रमाण आधीच माहीत असलेला सिलिंडरमधला गॅस) पटतो. समजा सिलिंडरवर मिथेन ६० टक्के लिहिलंय, त्याचा एरिया आला २४०० आणि सॅम्पलचा २२००, तर २२०० भागिले २४०० गुणिले ६०, झाले ५५ टक्के. फक्त दोन्ही वेळा गॅस तेवढाच जायला हवा, हाताने सिरिंज मारताना नेमका इथेच घोळ होतो. लूप (ठरावीक मापाची नळी, व्हॉल्व्ह फिरवला की तिच्यातला गॅस यंत्रात जातो) असेल तर भरल्यावर दोन-चार सेकंद थांबा, आतलं प्रेशर बाहेरच्या हवेएवढं होऊ द्या, मगच व्हॉल्व्ह फिरवा.

एरिया टक्क्यांचं एक बरं, इंजेक्शन थोडं कमीजास्त झालं तरी प्रमाण हलत नाही, त्यामुळे रोजचा चढउतार बघायला चालतील. रिपोर्टवर सही करायची असेल तर मात्र सिलिंडर उघडाच.