ओव्हर आता स्क्रीनवर: आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या वॉर्डातल्या ओव्हरच्या सॉफ्टवेअरला पाचपैकी तीन तारे. (ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं; आधी तो वहीत लिहायचो.) त्यातला एक निव्वळ अक्षरासाठी.

ओव्हरच्या वहीला नावं ठेवणाऱ्यांत मी पुढे असायचे. इन्सुलिन '6 यू' (म्हणजे 6 युनिट) लिहिलं आणि तो यू शून्यासारखा दिसला की वाचणारी 60 वाचते. एकदा अशीच शंका आली म्हणून नाईट करून नुकत्याच झोपलेल्या सिस्टरला मी फोन करून उठवलं होतं. या सॉफ्टवेअरमध्ये ती भानगड नाही. ॲलर्जी लाल पट्टीत वरच दिसते, राहिलेला डोस पुढच्या ड्यूटीच्या यादीत आपोआप येतो. एवढ्यासाठी मी वहीकडे परत जाणार नाही.

फॉर्म एसबीएआरचा आहे: आत्ता काय चाललंय, आधीचं काय, तुमचा अंदाज काय, पुढे काय करायचं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयात आलेली ही शिस्त चांगलीच आहे. पण आमच्याकडे 'अंदाज' या रकान्यात ड्रॉपडाऊन आहे. 'स्थिर', 'अस्थिर', 'सुधारणा'. बेड 9 चे आजोबा आकड्यांत स्थिरच होते, फक्त दुपारपासून गप्प गप्प होते, जेवणाकडे बघत नव्हते. हे कुठल्या पर्यायात बसवायचं? मी 'स्थिर' दाबलं आणि ओव्हर घेणाऱ्या सिस्टरला हाताला धरून बेडपाशी नेलं.

सगळ्यात घातक बटण म्हणजे 'मागील नोंद आणा'. वेळ वाचतो म्हणून सगळ्याच दाबतात, मीही दाबते. त्यामुळे एका पेशंटचा कॅथेटर (लघवीची नळी) काढून टाकल्यावरही तीन ड्यूट्या स्क्रीनवर 'कॅथेटर आहे' असंच चाललं होतं. लघवी झाली का, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी त्यांच्या मुलीने विचारलं.

बाकी रडगाणं नेहमीचंच. 30 बेडला दोन कॉम्प्युटर, त्यातला एक डॉक्टरांच्या ताब्यात. पाच मिनिटं हात लागला नाही की लॉगआउट. मधे सलाईन बदलायला गेलं की पुन्हा पासवर्ड. मग एकीच्याच लॉगिनवर चौघी लिहितात (हे इन्चार्जनाही ठाऊक आहे). आणि प्रत्येकीच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी असतेच, खरा ओव्हर तिच्यावरच असतो.

मीटिंगमध्ये 'सिस्टर लोकांना बदल नको असतो' असं ऐकलं की डोकं फिरतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आय-पास अभ्यासात 9 रुग्णालयांत निवासी डॉक्टरांचा ओव्हर सुधारल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. पण तिथे नुसता फॉर्म दिला नव्हता. प्रशिक्षण होतं, प्रत्यक्ष ओव्हर चालू असताना कुणीतरी उभं राहून बघत होतं, चुकलं तर सांगत होतं. आम्हाला मिळाला 40 मिनिटांचा डेमो, तोही नाईट उतरल्यावर.

घ्यायचं असेल तर बेडपाशी नेता येईल असा टॅब मागा आणि अंदाजाच्या रकान्यात मोकळं लिहायला जागा मागा. ते 'मागील नोंद' बटण मात्र आधी काढायला लावा.