टियरड्रॉप ट्रेलर मॉडिफाय करायला दिला आणि बॅटरीत निघाली वाळू

काल चोपड्याकडच्या एका सरांचा फोन आला. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला म्हणे. त्यांनाही छोटा कॅम्पर ट्रेलर नीट करून घ्यायचाय, आणि असे ट्रेलर मॉडिफाय करणाऱ्या शेडवाल्याने "आमचं काम बघा" म्हणून पाठवलेला फोटो त्यांनी मला टाकला, तर तो माझाच ट्रेलर! घ्यायला गेलो त्या दिवशी पोरीने मागच्या झाकणावर फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं होतं, ते सुद्धा दिसतंय. ॲडव्हान्स दिला का विचारलं तर म्हणाले, परवाच पन्नास हजार दिले. म्हणून आज दुकानात बसल्या बसल्या हे लिहितोय, खरं तर आधीच लिहायला पाहिजे होतं पण लाज वाटत होती.

मी अमळनेरचा. ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, पाइप, फिटिंग, पंप यातलं बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे आपल्याला कोणी सहज टोपी घालणार नाही अशी एक मस्ती होती अंगात.

टियरड्रॉप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाजूने बघितलं तर पाण्याच्या थेंबासारखा दिसणारा छोटा ट्रेलर, आत फक्त दोन माणसं झोपतील एवढी जागा, उभं राहता येत नाही, आणि मागचं झाकण वर उचललं की खाली किचन. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोक घरीच प्लायवूडचे बनवायचे. आपल्याकडे क्वचितच दिसतो. मला पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून सेकंडहँड मिळाला, आरसी होतं, चेसिस नंबर ड्रॉबारवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर, पंच केलेला होता, सगळं रीतसर. फक्त जुना झालेला, प्लाय फुगलेलं, आणि आपल्या मे महिन्यात आत झोपायचं म्हणजे भट्टीत झोपण्यासारखं. खान्देशात पारा ४५ ला जातो, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, विचार करा.

तर कामं काय होती, जुनं प्लाय काढून मरीन प्लाय, मधे एक्सपीएस शीटचं (घट्ट फोमची शीट) इन्सुलेशन, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर सोलर पॅनल, ६० लिटरची पाण्याची टाकी, मागचं किचन नवीन, आणि ड्रॉबार थोडा लांब करून मजबूत करायचा. शेडवाला बोलायला एकदम गोड. मला अण्णा अण्णा म्हणायचा, पहिल्याच दिवशी चहा, दुसऱ्या वेळी शेवभाजी. एस्टिमेट १ लाख ८५ हजार दिलं. वर आरटीओचं पासिंगही करून देतो म्हणाला, त्याचे १२ हजार वेगळे. पक्कं बिल मागितलं तर म्हणे अण्णा १८ टक्के जीएसटी कशाला भरता, कच्च्यावर भागवू ना आपण. आणि मी, जो रोज दुकानात लोकांना पक्कं बिल घ्या म्हणून सांगतो, तो मी हो म्हणालो. एक लाख तिथेच यूपीआयने टाकले.

पुढचे दोन महिने व्हॉट्सॲपवर फोटो. रोज एक. इन्सुलेशन लावताना, प्लाय कापताना, फ्रेमला रंग देताना. मी ते फोटो गिऱ्हाइकांना दाखवायचो. एकदा बायको म्हणाली, "अहो, आपल्या ट्रेलरचं दार डावीकडे आहे ना? यात उजवीकडे दिसतंय." मी म्हटलं मोबाइलमध्ये फोटो उलटा येतो कधी कधी. फोटोत मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावरची अक्षरं सरळ दिसत होती, म्हणजे फोटो उलटा नव्हताच, हे मला सहा महिन्यांनी कळलं. ट्रेलरच दुसऱ्याचा होता. त्या दोन महिन्यात मी एकदाही शेडवर गेलो नाही, सीझन होता, आणि तोही "अण्णा धूळ असते इथे, तयार झाल्यावरच या" म्हणायचा. मधे मधे माल महाग झाला, पत्रा वाढला करत करत एकूण २ लाख ४० हजार गेले.

नोव्हेंबरमध्ये ट्रेलर हातात आला. दिसायला? अहो नवरी. चकचकीत रंग, आत लाकडी लॅमिनेट, एलईडी पट्टी. मी पण जरा अभ्यास करून गेलो होतो, या बॅटरीचं वजन साधारण ११-१२ किलो असतं असं वाचलेलं, म्हणून मुद्दाम उचलून वजनकाट्यावर ठेवली, ११ किलो भरली. खूश झालो. तो पण हसला. आता कळतं का हसला ते.

डिसेंबरमध्ये तोरणमाळला निघालो, बायको, पोरगी आणि मी. पोरगी आणि तिची आई ट्रेलरमध्ये झोपणार, मी गाडीत. दोंडाईचा सोडून सारंगखेड्याकडे लागलो, दत्तजयंतीच्या यात्रेचे दिवस, रस्त्यावर घोड्यांचे टेम्पो, उसाच्या गाड्या. समोरून एक मोठा ट्रक जोरात गेला आणि त्याच्या वाऱ्याने मागचा ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग जास्त, मग गाडीचं मागचं टोकच डावीकडे उजवीकडे ओढायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला, तर अजूनच वाढलं. अशा वेळी ब्रेक मारायचा नसतो, ॲक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग सरळ धरून गाडी आपोआप हळू होऊ द्यायची असते, पण ते तेव्हा कोणाला सुचतंय. देवाची कृपा, साइडला एका शेताच्या बांधाला जाऊन थांबलो. पोरगी रडत होती. पंधरा मिनिटं मी स्टेअरिंगवरून हात काढले नाहीत.

तिथून परत फिरायला पाहिजे होतं. पण नाही, तीसच्या स्पीडने कसंबसं शहादा, मग घाट. यशवंत तलावाजवळ मुक्काम लावला, भरीत आणि कळण्याच्या भाकरी घरूनच आणल्या होत्या, दिवे लावले, फ्रिज चालू, छान वाटत होतं. रात्री एकला सगळं बंद. संध्याकाळी सातला चालू केलेली बॅटरी, लोड जेमतेम ५० वॅट. १०० अँपिअर-अवर म्हणजे १२.८ व्होल्टने १२८० वॅट-अवर होतात, चोवीस तास चालायला पाहिजे. सहा तासात खेळ खलास.

घरी आल्यावर साडूंना फोन केला. आमचे साडूभाऊ भुसावळला रेल्वेत वेल्डर होते, आता रिटायर आहेत. ते आले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत, पिशवीतून हातोडी आणि तारेचा ब्रश काढला आणि ड्रॉबारच्या जोडावर रंग खरवडायला लागले. रंगाखाली निघाली लांबी, गाडीच्या डेंटवर भरतात ती. लांबीचा थर बोटभर जाड. तो निघाला तेव्हा खाली वेल्डिंग दिसलं, म्हणजे सलग वेल्डिंग नव्हतंच, चार ठिकाणी टाके मारलेले आणि मधे उघडी फट. साडू म्हणाले, "हाई वेल्डिंग शे का शेंबूड?" मग थोडा वेळ ते बघत बसले आणि म्हणाले, "जित्ता उनात तेच नशीब." म्हणजे जिवंत आलात तेच नशीब.

मग आम्ही सगळंच उघडलं.

बॅटरीचं आधी सांगतो कारण तिथे सगळ्यात जास्त डोकं फिरलं. उघडायच्या आधी एक टेस्ट केली, ही कोणीही करू शकतो. गाडीचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब फुल चार्ज बॅटरीला जोडला आणि घड्याळ लावलं. तो साधारण साडेचार अँपिअर खातो, म्हणजे १०० ची बॅटरी असेल तर बावीस तास जळायला हवा. जळला पाच तास दहा मिनिटं. म्हणजे जेमतेम २३ अँपिअर-अवर. मग झाकणाचे स्क्रू काढले. आत ३२६५० नावाच्या गोल सेल असतात, जाड टॉर्चच्या सेलसारख्या, एक साधारण ६ अँपिअर-अवरची. चार-चार सेल एकामागे एक जोडून (सिरीज) १०० अँपिअर-अवरपर्यंत जायला ६४ ते ६८ सेल लागतात. मोजल्या, २८. त्यातल्या निम्म्यांवर आधीच्या वेल्डचे ओरखडे, म्हणजे कुठल्या तरी जुन्या पॅकमधून उपटलेल्या. आणि उरलेल्या जागेत टेपने गुंडाळलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या. एक फोडली तर वाळू. चाळलेली, बारीक, स्वच्छ वाळू. साडूंनी चिमटीत घेऊन बघितली आणि म्हणाले गिरणेची आहे. आपल्याकडे वाळूची चोरी कुठून कुठपर्यंत गेली बघा. ११ किलो वजन कुठून भरलं ते कळलं. वजन करणारं गिऱ्हाईक येतं हे त्याला माझ्या आधीच माहीत होतं.

इन्सुलेशन, आतलं लॅमिनेट सोडवलं तर साधा पांढरा थर्माकोल, तोही तुकडे तुकडे, आणि एका तुकड्याला फ्रिजच्या कोपऱ्याचा साचा तसाच होता. कुठल्यातरी दुकानाबाहेरचं पॅकिंग उचलून माझ्या छतात भरलेलं. मधल्या फटीतून पलीकडचा पत्रा दिसत होता.

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का होता, म्हणून मी गाफील. ७१० म्हणजे मरीन, ते ७२ तास उकळलं तरी सुटायला नको. शिक्का काय, रबरी असतो, पन्नास रुपयात बनतो. बायकोचं जुनं पातेलं घेतलं, हाताएवढा तुकडा टाकला आणि गॅसवर ठेवला. तीन तासात वह्या सुटतात तसे पदर सुटले. बायको म्हणाली आता त्या पातेल्यात काही शिजवणार नाही, ते वेगळंच नुकसान.

आता डुलण्याचं. शालकाचा केळीचा धंदा आहे, त्याच्याकडचा काटा आणला. ट्रेलरचं हुकवरचं वजन, म्हणजे पुढचं टोक गाडीवर जेवढं टेकतं ते, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे. माझ्या ट्रेलरचं टाकी भरून एकूण वजन ५२० किलो, म्हणजे पुढे ५२ ते ७८ किलो यायला हवं. काट्यावर आलं १४. कारण? पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढे बसवायचं ठरलं होतं, त्याने दोन्ही मागे किचनखाली टाकली, वायर आणि पाइप कमी लागतो म्हणून. शंभरेक रुपयांची वायर वाचवायला आमच्या तिघांचा जीव टांगणीला. हे मला फसवणुकीतलं सगळ्यात वाईट वाटतं, बाकी पैसे तरी गेले म्हणून सोडून देता येतं. आणि ते तपासायला काही लागत नाही हो, घरातला वजनकाटा एका स्टुलावर, टोक गाडीच्या हुकच्या उंचीला येईल असं ठेवायचं, ट्रेलर सपाट जागेवर, चाकाला दगड. टाकी भरून एकदा आणि रिकामी असताना एकदा. पाच मिनिटं.

हे सगळं होईपर्यंत ड्रॉबारवरचा चेसिस नंबर कोणाच्या डोक्यात नव्हता. साडूंनीच विचारलं, नंबर कुठंय? जुना ड्रॉबार लांब करतो सांगून त्याने अख्खा कापून नवीन लावलेला, जुना गेला भंगारात, आणि त्याच्याबरोबर नंबर. आरसीवर एक नंबर आणि ट्रेलरवर कोराच लोखंडी पाइप. आता कोणी थांबवलं तर मी चोरीचा ट्रेलर ओढतोय असंच म्हणेल ना. पासिंगची पावती दिली होती ती घेऊन परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज क्रमांक टाकला तर असा अर्जच नाही. १२ हजार त्यातही गेले. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला, म्हणजे मला.

शेडवाल्याला फोन केला तर आधी म्हणाला अण्णा बॅटरी कंपनीची चूक. मग म्हणाला तुम्ही उघडली, वॉरंटी गेली. मग उचलणंच बंद. बिल नाही म्हणून मी आधी गप्प बसलो होतो, ती दुसरी चूक, कारण वकिलांनी सांगितलं यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट आणि ते दुसऱ्याच्या ट्रेलरचे फोटो, एवढं पुरावा म्हणून दाखवता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकायची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, त्याच्या गावाला चकरा नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून पण माहिती मिळते.

चोपड्याच्या सरांना सांगितलंय, उरलेले पैसे देऊ नका, उद्याच्या उद्या न सांगता शेडवर जा, आणि प्लाय लावायच्या आधी आत काय भरतोय ते स्वतःच्या डोळ्याने बघा, फोटोत नाही. ते म्हणाले, तो म्हणतो धूळ असते. मी म्हटलं हो, मलाही तेच म्हणाला होता.

ट्रेलर सध्या अंगणात चार विटांवर उभा आहे. साडू रविवारी येऊन ड्रॉबार नीट करतात, टाकी पुढे आणलीय, हुकवर आता ६१ किलो येतं. नंबरचं काम रीतसर अर्ज करून चालू आहे. बॅटरीचं खोकं, २८ सेल आणि वाळूच्या दोन पिशव्या, एक फुटलेली एक तशीच, कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, वकील म्हणाले काही फेकू नका. बायको रोज विचारते, ही वाळू कधी निघणार घरातून. तारीख पुढच्या महिन्यातली आहे.